छान बोलली, पण म्हणाली काय?

कुसुम,

पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो उठला तो म्हणाला, कुसुमताई फार शांत स्वभावाच्या होत्या. चार जण बोलले, चौघांनीही हेच सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसून विचार करत होतो, ही माणसं नक्की कुणाबद्दल बोलतायत? तू शांत नव्हतीस. तू हळू बोलायचीस, एवढंच. आणि हळू आवाजात तू माणसाला असं धरायचीस, की त्याला निसटायला जागा राहायची नाही. त्यांना ते कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक. संसारभर मी त्यातून निसटायला बघत होतो.

माईकचं काम त्या दिवशी दुसऱ्याला दिलं होतं. आपली प्रज्ञा म्हणाली, "बाबा, आज तरी तुम्ही हात लावू नका." अर्धा तास नाही लावला. मग भन्तेजी बोलताना माईक शिट्टी मारायला लागला, तसा उठलो आणि नीट करून आलो. लोकांना वाटलं असेल, काय माणूस आहे हा, बायको जाऊन थोडे दिवस झालेत आणि हा वायरी तपासतोय. तुला तसं वाटलं नसतं. तू म्हणाली असतीस, बरं केलंत, कान दुखत व्हते.

आपल्या घरात खरं भांडण एकच होतं. पाहुण्यांवरून नाही, पोरीच्या शिक्षणावरून नाही. भाषणांवरून. घोडेगावात माझा स्पीकरचा धंदा. सभा कुठल्याही पक्षाची असो, जयंती असो, कुस्त्या असोत, माईक माझा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतला बोलणारा माणूस मी ऐकलेला नाही, असं सहसा नाही. आणि मला बोलणं आवडतं. चांगला वक्ता असला की मी मिक्सरपाशी बसून चहा प्यायचाही विसरतो. तुझी नोकरी मात्र धरणाच्या पल्याड, डोंगरातल्या उपकेंद्रात. तू नर्स. कळा सुरू झालेली बाई दारात आली की तिला ऐकवायला तुझ्याकडे काही नसायचं. हातात काय आहे, जीप कुठे आहे, रस्ता चालू आहे का, एवढंच तुला बघावं लागायचं.

मी सभेवरून आलो की तू भाकरी थापता थापता विचारायचीस, "काय म्हणाले?"

मी म्हणायचो, "लई भारी बोलले."

"कसं बोलले ते न्हाई विचारलं. म्हणाले काय?"

मग मी आठवायला लागायचो. टाळ्या आठवायच्या, आवाज कुठे चढला ते आठवायचं, शेवटच्या वाक्याला अंगावर काटा आला ते आठवायचं. म्हणाले काय, ते हाताला लागायचं नाही. तू तव्यावरची भाकरी उलटायचीस आणि काही बोलायची नाहीस. तुझं ते न बोलणं मला फार लागायचं.

एकदा मी चिडलो होतो. म्हणालो, माझ्या बापाला अक्षर वाचता येत नव्हतं. धम्म घेतला तेव्हा तो विशीतला होता. भर उन्हात मैदानात उभं राहून त्यानं भाषण ऐकलं आणि नारायणगावात परत आला तो ताठ मानेनं. दुसऱ्या दिवसापासून गावकीची कामं सोडली. कुणी त्याला योजना दिली नव्हती, की घर बांधून दिलं नव्हतं. शब्दच दिले होते. आपण आज इथं बसलोय ते त्या शब्दांवर. तू शब्दांना हवा म्हणू नकोस.

तू हातातलं काम थांबवलंस. आळ्याला तुझ्या माहेरीही तीच गोष्ट, तुझ्या आजोबांची. तू म्हणालीस, "मी हवा न्हाई म्हणत. पण त्या शब्दांमागं शाळा व्हत्या, बोर्डिंगं व्हती, कायदा व्हता. आधी राबून मग बोललेले शब्द व्हते ते. म्हणून तर टिकले." आणि पुन्हा कामाला लागलीस. हे उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही. तेव्हा मात्र मी म्हणालो, बरं बरं, आणि बाहेर गेलो.

मग शर्वरीताई निवडणुकीला उभी राहिली. अपक्ष. कॉलेजात शिकवणारी तरणी पोरगी, मागे ना पक्ष ना कारखाना. घोडेगावातली तिची पहिली सभा मी विसरणार नाही. गर्दी जेमतेम होती. ती माईकसमोर आली, आणि मी बटणांवरचा हात काढून घेतला. काही करायची गरजच नव्हती. ती म्हणाली, "डोंगरातली बाई घाट उतरून येते ती औषध मागायला, दाखला मागायला, वेळ मागायला. मला ती घाट उतरून यायला हवी आहे ती हिशेब मागायला. आणि ती आली की खुर्चीतल्या माणसानं उठून उभं राहायला हवं." मागे पारावर बसलेली म्हातारी माणसंही पुढे सरकली. मी इतक्या सभा केल्यात, पण माणसं न बोलावता पुढे सरकताना क्वचित पाहिलीत.

घरी येऊन मी तुला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तू नुकतीच रिटायर झाली होतीस. तू लक्ष देऊन ऐकलंस, आणि मला बरं वाटलं, कारण तुझे डोळे भरले होते.

"छान बोलली पोरगी," तू म्हणालीस. "पण घाट उतरणार कशी, त्याचं काय म्हणाली?"

मी कपाळाला हात लावला. तेव्हा तू मला वाडीतल्या एका मुलीची गोष्ट सांगितलीस. इतकी वर्षं पोटात ठेवली होतीस. आषाढात रस्त्यावर दरड आली होती, जीप अडकली, आणि मागच्या सीटवर तुझ्या हातात तिचं मूल आलं. ते रडलं नाही. मुलीचं नाव तू तेव्हाही सांगितलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "आठ दिस आधी खाली आणली असती तर जगलं असतं. पण आणून ठेवणार कुठं? सोबतच्या बाईनं खायचं काय? दवाखाना म्हणतो, कळा सुरू झाल्यावर या. आमच्या वाडीला कळा सुरू झाल्यावर वाट नसती."

दुसऱ्या दिवशी तू कागद घेऊन बसलीस. दवाखान्याजवळ ग्रामपंचायतीच्या दोन खोल्या बंद पडल्या आहेत, त्या पावसाळ्यापुरत्या द्याव्यात. दिवस भरत आलेल्या बायकांनी तिथं येऊन राहावं, सोबत घरची एक बाई. स्वयंपाक बचत गटानं करावा. कुठल्या वाडीतून कुणी कधी निघायचं, जीप कुणाची, सगळं लिहिलंस. तू स्वतः जाऊन खोल्यांची दारं मोजून आली होतीस. मी वाचलं आणि म्हणालो, "चांगलं आहे. पण असल्या कागदावर मतं मिळत नाहीत."

"मला मतं कुठं पायजेत? मला खोली पायजे."

कागदाची एक प्रत तू शर्वरीताईच्या सभांचं बघणाऱ्या माणसाकडे दिलीस. त्यानं ती घडी करून खिशात घातली. पुढे काही झालं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

डोंगरातल्या शाळेच्या मैदानावर तिची सभा होती, भर दुपारी. तू ठकूबाईला आणि वाडीतल्या बायकांना घेऊन आली होतीस. ठकूबाई म्हणजे त्या वाडीची कर्ती म्हातारी, ती उठली की बाकीच्या उठणार. शर्वरीताई बोलली, झकास बोलली. मग तो सभेचं बघणारा माणूस म्हणाला, आमच्या माताभगिनींना काही विचारायचं असेल तर विचारा. ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाला होता. तू उठलीस. मी स्वतः तुझ्या हातात माईक दिला. मला अभिमान वाटत होता, खरंच सांगतो.

तू म्हणालीस, "ताई, तुमचं भाषण मला लई आवडलं. तुमचं पत्रक बी मी वाचलं. त्यात आरोग्य हा शब्द पानोपानी हाये. खोली हा शब्द एकदाबी न्हाई. दवाखान्याजवळ दोन खोल्या बंद पडल्यात. त्या उघडणार का, कोण उघडणार, आणि या पावसाळ्याच्या आत का पुढच्या?"

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. सभेचं बघणाऱ्या त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली केला. जरासाच. या धंद्यात ती खूण आम्हाला नवी नाही. मी बटण फिरवलं.

तुझा आवाज गेला. तू माईकवर बोट वाजवलंस. माझ्याकडे पाहिलंस. आणि मी टेबलाखाली वाकलो, वायर शोधत असल्यासारखा. तिथं काही नव्हतं, कुसुम. माती होती आणि माझे पाय होते. वरून तुझा आवाज ऐकू येत होता, बिनमाईकचा, पण वारं होतं, मागच्या बायकांपर्यंत तो पोचला नसणार. मग घोषणा सुरू झाल्या. मी वर आलो तेव्हा शर्वरीताई हात जोडून गाडीकडे निघाली होती.

येताना टेंपोत तू माझ्या शेजारी बसली होतीस. घाट उतरला. मग विचारलंस, "वायर ढिली झाली व्हती का?"

मी म्हणालो, "हं."

का केलं, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भीती म्हणावी तर तो माणूस माझं काय वाकडं करणार होता? मला वाटतं, मला ती सभा मोडायला नको होती. इतकं सुंदर चाललेलं कुणी अडवू नये, असं माझ्या हाताला वाटलं. अडवणारी तू होतीस, हे हाताच्या लक्षात आलं नाही. का आलं होतं, तेही मला आता सांगता येत नाही.

शर्वरीताई पडली. थोडक्यात नाही, चांगलीच पडली. मी दोन दिवस जेवलो नाही नीट. तू मत कुणाला दिलंस ते मला कधी सांगितलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मात्र चपला घालत म्हणालीस, "चला, तिच्याकडं जाऊन येऊ. आता तिला वेळ असंल."

तिच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. उरलेली पत्रकं पोत्यात भरलेली. तिनं तुला लगेच ओळखलं. म्हणाली, "त्या दिवशी तुमचं बोलणं अर्धंच ऐकलं मी. काय विचारत होतात?" तू कागद पुढे केलास. तिनं तो तिथंच उभं राहून वाचला, मग बसून पुन्हा वाचला. मग म्हणाली, "कुसुमताई, मला बोलता येतं. हे मला येत नाही. कुणी शिकवलंच नाही."

तू म्हणालीस, "मग शिका. मला तरी कुठं तुमच्यासारखं बोलता येतंय?"

ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. तुम्ही दोघी एसटीनं, जीपनं हिंडत होतात. पंचायत समितीत साहेब म्हणाले, खोल्या देऊ हो, पण त्या बायका बाळंतपणाला घर सोडून येणारच नाहीत. ते खोटं नव्हतं. तू पोटतिडकीनं वीस वर्षं सांगत होतीस, आकडे सांगत होतीस, धोके सांगत होतीस, आणि ठकूबाई दर वेळी म्हणायची, "आमच्यात न्हाई जात, बाई." मग तू शर्वरीताईला वाडीवर नेलंस. संध्याकाळी परत आलीस ती पायऱ्यांवरच बसलीस आणि हसायला लागलीस.

"काय झालं?" मी विचारलं.

"अवो, काय बोलली ती पोरगी! ना माईक, ना स्टेज. ठकूबाईच्या वट्यावर बसली. म्हणाली, आजी, तुमी या डोंगरात एवढी माणसं जगवली, आता खाली जाऊन जगवायची. वाडी सोडायची न्हाई, वाडी खाली घेऊन जायची. ठकूबाई उठली. मग सुनेला म्हणाली, जा गं, मी येते सोबत." तू डोळे पुसलेस. "माझ्या वीस वर्षांत जे हललं न्हाई ते तिनं एका दुपारी हलवलं. तुमचं बी थोडं बरोबर व्हतं म्हणायचं."

बायकोनं असं म्हणावं म्हणून माणूस जन्मभर वाट बघतो. मी इतका खूश झालो, की तुला चहा करून दिला. आणि तीच वेळ होती, कुसुम. तू माझं खरं धरलंस त्याच क्षणी मी माझं खोटं सांगून टाकायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण मला बरोबर ठरण्याचा आनंद होत होता आणि मला तो घालवायचा नव्हता.

गेल्या पावसाळ्यात खोल्या उघडल्या. फार थाटात नाही. एका खोलीत पाणी ठिबकायचं, स्वयंपाकाची बाई मध्येच आजारी पडली, एकदा जीप आलीच नाही. तू रोज सकाळी तिथं जायचीस. ठकूबाईची सून तिथं राहिली आणि वेळेवर दवाखान्यात जाऊन बाळंत झाली. मुलगी झाली. तू घरी आलीस आणि अंथरुणावर पडून राहिलीस, डोळे उघडे ठेवून. मी विचारलं, बरं नाही का? तू म्हणालीस, "रडली. लई जोरात रडली." मला आधी कळलंच नाही कुणाबद्दल बोलतेस ते.

आणि मग हे तुझं दुखणं. आठ दिवस. वाचा गेली होती, पण डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, बोलत राहा. मी बोलत राहिलो. घरातलं, प्रज्ञाचं, शेजारच्यांचं, कुंड्यांना पाणी घातल्याचं. तुझं बोट माझ्या तळहातावर हलायचं. सगळं बोललो. तेवढंच बोललो नाही. वाटलं, आजारी माणसाला कशाला.

त्या चौघांनंतर शर्वरीताई उठली होती तुझ्या कार्यक्रमात. तिनं तुला शांत म्हटलं नाही. म्हणाली, "मी शब्द पेरत हिंडत होते, या बाईनं मला जमीन दाखवली." सगळं विहार रडलं. मीही रडलो. शेवटी ती म्हणाली, कुसुमताईंचं काम थांबू देणार नाही. आणि डोळे पुसता पुसता माझ्या मनात आलं, छान बोलली, पण म्हणाली काय? माझ्या मनात आलं हे, मी जन्मभर ज्यावरून तुझ्याशी भांडलो ते. मला रडता रडता हसू आलं. प्रज्ञानं घाबरून माझा हात धरला.

माणसं पांगल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. वायर ढिली झाली नव्हती, आवाज मी कमी केला होता. तुला सांगायचं ते तिला सांगितलं, दुसरं कोण उरलं होतं?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, मला स्टेजवरून तुमचा हात दिसला होता. मी म्हणू शकले असते, आवाज वाढवा. नाही म्हणाले. टाळ्या माझ्या होत्या." पुढे म्हणाली, "आणि त्यांनाही माहीत होतं."

मी म्हणालो, "कुणाला?"

"कुसुमताईंना. वाडीवर चालत जाताना एकदा बोलल्या. म्हणाल्या, आमच्या मालकांनी बटण फिरवलं त्या दिवशी. वायर तुटली की खरखर येती, ती आली न्हाई. मी विचारलं, मग तुम्ही त्यांना बोलला नाहीत? तर म्हणाल्या, मी एकदा विचारलंय. आता ते आपणहून सांगतील तवा सांगतील."

म्हणजे तू वाट बघत होतीस. चहा घेताना, कुंड्यांना पाणी घालताना, दवाखान्यात माझ्या तळहातावर बोट हलवताना. मी काय काय बोलत होतो, आणि तू त्यातून ते एक वाक्य यायची वाट बघत होतीस. हे घेऊन मी आता कुठे जाऊ, ते मला कळत नाही. रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू रागावली नाहीस, हे मला जास्त जड जातंय. आणि त्याचाच आधारही वाटतोय. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला मी काय करू?

खोल्यांची परवानगी दर वर्षी नव्यानं घ्यावी लागते. या खेपेला मी शर्वरीताईबरोबर गेलो. ती साहेबासमोर कागद वाचत होती, अडखळत होती, मध्येच मागचं पान उलटून बघत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. परवानगी मिळाली. पुढच्या निवडणुकीला ती पुन्हा उभी राहणार म्हणतात. राहू दे. मी माईक लावीन.

काल दुपारच्या एसटीनं एक बाई आली. ठकूबाईच्याही पलीकडच्या वाडीची, मंदा नाव. दिवस भरत आलेले, सोबत तिची आई. ठकूबाईनं सांगितलं म्हणून आलो, म्हणाल्या. स्वयंपाकाला कोण येणार ते अजून ठरायचं होतं. मी कुलूप उघडलं, झाडून घेतलं, आणि भात टाकला. मसुराची आमटी केली. तुला माहीत आहे, मला यातलं काय येतं. भात खालून लागला. मी तसं म्हणालो, तर मंदा म्हणाली, "चालतंय बाबा." दोघी भुकेल्या होत्या, जेवल्या.

मग हात धुता धुता तिनं विचारलं, "उद्या बी तुमीच का?"

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. ही खोली कशी झाली, कुणी केली, तू कोण होतीस. तोंडाशी आलं होतं सगळं, आणि मी चांगलं बोललोही असतो.

मी म्हणालो, "हो. सकाळी आठला येतो."